समदुःखितांचा आधार

गुणवंतांच्या सत्काराच्या या स्मरणिकेत मद्यपानाचा विषय कशाला, असे कित्येकांस वाटेल. परंतु घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या दुःखाचाही इतिहास असतो, आणि त्यावरील उपायाचाही.

माळ घालून पंढरीची वाट चालणारा वारकरी संगतीच्या बळावर व्यसन दूर ठेवतो, हे आपल्या जिल्ह्यास नवे नाही. तेच तत्त्व अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे निराळ्या रूपाने प्रकटले. सन १९३५ मध्ये कामानिमित्त तेथे आलेल्या बिल विल्सन यांस, मद्य सोडून पाच महिने झाले असता, पुन्हा पिण्याची अनिवार इच्छा झाली. तेव्हा त्यांनी आपल्यासारख्याच एका व्यसनाधीन माणसाचा शोध घेतला. त्यांस डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यवैद्य भेटले. या दोघांच्या संभाषणातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. तिच्या सभेत आडनाव वा हुद्दा सांगावा लागत नाही. पुढे १९५१ साली विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने कुटुंबीयांसाठी ‘अल्-अ‍ॅनॉन’ हा स्वतंत्र संघ निघाला.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील सिंधूने सारे मुकाट्याने सोसले. तशा अनेक सिंधूंस बोलके करण्याचे कार्य पुण्यात झाले. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी येरवडा येथे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास आर्थिक पाठबळ दिले. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ गट सुरू झाला.

आता घरचे सांगतो. गिरणी बंद पडल्यावर माझे वडीलबंधू पिऊ लागले. शुक्रवार पेठेतील आमच्या घराचे दार आम्ही लावून घेतले. पाहुण्यांस ‘प्रकृती बरी नाही’ असे सांगितले. शाळेत मी दारूबंदीवर निबंध लिहवून घेत असे. घरी मात्र माझे मौन असे. बंधूंच्या निधनानंतर वहिनी म्हणाल्या, “भावजी, शेजारच्या घरातही हेच चालले होते. ते मला यांच्या दिवसांत कळले.” दोन घरांमध्ये भिंत एकच होती. ती ओलांडून दोघी बोलत्या, तर बंधू वाचले असते असे मी म्हणत नाही. पण वहिनींची वर्षे इतकी एकाकी गेली नसती.

कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, आठवड्यातून एक सायंकाळ कार्यालयाची एक खोली अशा कुटुंबांसाठी मोकळी ठेवावी. नोंदवही ठेवू नये. येणाऱ्यास नाव विचारू नये, आणि ज्ञातीही विचारू नये. प्रतिष्ठा झाकल्याने टिकते, हा आमच्या पिढीचा समज होता. त्याची किंमत घरातील स्त्रियांनी दिली.