एका पेटीत बावीस श्रुती : देवलांचा प्रयत्न आणि त्याची मर्यादा

हार्मोनियमचे पितळी सूर एकदा जुळविले की वादकाला ते मैफलीत बदलता येत नाहीत. सप्तकाचे १२ समान भाग केल्यास षड्ज कोणत्याही पट्टीवर धरता येतो. परंतु शुद्ध गंधार तंबोऱ्यातील स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढतो. या पेचावर उपाय म्हणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींचे गणित मांडले व सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुती-हार्मोनियम पुढे आणला. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत तो सर्वमान्य ठरला नाही. षड्ज बदलताच स्थिर श्रुतींचे नाते विस्कटते. शिवाय गायकाचा स्वर रागानुसार हलतो. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पासून शिथिल झाली. पण सोय आणि शुद्धता यांतील निवड तशीच उरली.