मानवी अपव्यापार : संकल्पना व कायदे

मानवी अपव्यापार : शोषणाच्या हेतूने बळजबरी, फसवणूक वा परिस्थितीचा गैरफायदा घेऊन व्यक्तीची भरती, वाहतूक किंवा खरेदी-विक्री करणे, यास मानवी अपव्यापार म्हणतात. या गुन्ह्याची कल्पना सर्व देशांत व सर्व काळांत एकसारखी नव्हती. एका राज्यात जो करपात्र व्यवहार, तोच दुसऱ्या राज्यात दंडनीय अपराध ठरला.

पेशवाईत कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री उघडपणे होई. पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात मोझँबीकमधून गुलाम आणले जात. पोर्तुगालने १८३६ साली गुलामांच्या व्यापारास बंदी केली. तथापि गुलामगिरी रद्द करणारा हुकूम १८६९ मध्ये निघाला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने गुलामाच्या मालकीस न्यायालयीन मान्यता नाकारली व १८६० च्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला.

हे कायदे संस्थानी मुलखास आपोआप लागू होत नसत. अक्कलकोट हे याचे बोलके उदाहरण होय. मुंबई इलाख्याने १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा करून मुली देवाला वाहण्यास बंदी केली. तो लगतच्या सोलापूर जिल्ह्याच्या ब्रिटिश मुलखास लागू होता. अक्कलकोट संस्थान मात्र त्याच्या कक्षेबाहेर होते. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तालुक्याची सीमा तत्कालीन म्हैसूर (सध्याच्या कर्नाटक) राज्याशी भिडली. कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा देवदासीविरोधी कायदा केला, तर महाराष्ट्राचा कायदा २००५ चा आहे. प्रथा, नातेसंबंध व यात्रा सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या असताना कायदे वेगळे राहिल्याने अंमलबजावणी दुबळी झाली. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातून सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या अनेक मुली पुढे मुंबईच्या वेश्यावस्तीत पोहोचल्या.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९०४ चा करार प्रामुख्याने गोऱ्या स्त्रियांच्या व्यापारापुरता होता. १९४९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याने वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या अपव्यापारावर भर दिला. २००० च्या पालेर्मो येथील पूरक करारात सक्तीची मजुरी, दास्य व अवयव काढून घेणे यांचाही समावेश झाला. भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला.

यानंतरही देशांचे मार्ग भिन्न राहिले. स्वीडनने १९९९ पासून शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रीस नव्हे, तर ग्राहकास दंडनीय ठरविले. नेदर्लंड्सने २००० मध्ये कुंटणखान्यांवरील बंदी उठवून परवान्यांची पद्धत स्वीकारली. अमेरिकेने त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करून इतर देशांची वार्षिक प्रतवारी सुरू केली. ब्रिटनने २०१५ मध्ये मोठ्या उद्योगांना आपल्या पुरवठासाखळीतील वेठमजुरीविषयी निवेदन देणे बंधनकारक केले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार या दोहोंस एकत्रच मनाई केली. कायदे मात्र वेगवेगळे झाले : १९५६ चा अनैतिक व्यापारविषयक कायदा वेश्याव्यवसायापुरता, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा. दंडसंहितेत अपव्यापाराची व्यापक व्याख्या २०१३ मध्ये आली. तीत पीडिताची संमती गैरलागू ठरली. ही व्याख्या १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये समाविष्ट आहे.

व्याख्येतील भेदाचे परिणाम प्रत्यक्ष माणसांना भोगावे लागतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत पोलिसांनी चारशेहून अधिक मुलींची सुटका केली. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांना स्वदेशी परत नेण्याचा प्रश्न काही महिने रेंगाळला व तोपर्यंत त्यांना सुधारगृहांत राहावे लागले. सुटका ही त्यांच्यासाठी दुसरी कोठडी ठरली. पीडितास गुन्हेगार, निर्वासित वा हक्कधारक नागरिक यांपैकी काय मानावयाचे, हाच देशोदेशींच्या कायद्यांमधील मूलभूत भेद होय. सीमेवरील तालुक्यापासून आंतरराष्ट्रीय करारांपर्यंत तोच कसोटीचा मुद्दा राहिला आहे.