दारुहळदीवरील आरोप

आमच्या वडिवळ्याच्या रानात कारवी आहे, करवंदी आहे, दारुहळद नाही. ती आम्हांला प्रथम भेटली काष्ठौषधींच्या दुकानात, पिवळ्याधमक काडक्यांच्या रूपाने. पुढे पुस्तके चाळताना कळले, की या काटेरी झुडपाच्या कुळावर गव्हाच्या खोडावरील तांबेरा पसरविल्याचा आरोप शतकानुशतके आहे. तीस वर्षे कामगारांच्या खातेचौकश्यांना बसलेल्या आमच्यासारख्यांना तो खटला वाचल्यावाचून राहवेना.

फिर्यादी होते युरोपचे शेतकरी. कुंपणाला हे झुडूप असले की शेजारचा गहू तांबडा पडतो, एवढे ते जाणत. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने 1726 साली ते तोडण्याचा कायदाच केला. परंतु अनेक पंडितांना ही खेडवळांची भाबडी समजूत वाटे. डेन्मार्कमधील श्योलर नावाच्या शाळामास्तराने 1816 साली झुडपाची तांबेरलेली पाने रायच्या रोपांवर घासली. थोड्याच दिवसांत रोपांवर तांबेरा उठला. तरीही शंका मिटली नाही. अखेर 1865 साली जर्मन शास्त्रज्ञ द बारी याने गव्हावरील बुरशीचे बीज झुडपाच्या पानांवर रुजवून दाखविले. एकच बुरशी दोन घरी राहते, हे सिद्ध झाले. शेतकऱ्याची साक्ष खरी ठरली!

मग अमेरिकेने 1918 पासून कोट्यवधी झुडपे उपटली. तिथेही विवेक लागलाच: गुन्हेगार होती युरोपीय जात, बागेतली जपानी जात बहुतांशी निर्दोष. आडनाव एक म्हणून सगळ्या भाऊबंदांना शिक्षा करता येत नाही.

आता आपल्याकडे पाहा. हिमालयात दारुहळद, किलमोडा, काशमल. निलगिरीवर आणखी निराळी जात. मग आपला तांबेरा यांच्यापासूनच येत असेल, असे मानणे सोपे होते. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी मात्र वर्षानुवर्षे डोंगर धुंडाळले आणि निष्कर्ष काढला, की इथे झुडपाचा हात नाही. मैदानातील उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही. थंड डोंगरावरच्या गव्हावर तो तग धरतो आणि वाऱ्याने खाली येतो. पुढच्या संशोधनाने दख्खन व मध्य भारताच्या वाटाही सापडल्या: निलगिरी-पळणीहून नोव्हेंबरच्या वादळांबरोबर बीज येते आणि पावसाने पिकावर उतरते. 1946-47 च्या हंगामात मध्य भारतातील गव्हाचा याच रोगाने घास घेतला होता. झुडपे तोडून तो थांबला नसता; उपाय एकच, रोगाला दाद न देणारे वाण.

आम्हांला यातून दोन गोष्टी शिकाव्या वाटतात. मातीत राबणाऱ्याची साक्ष अडाणी म्हणून फेकू नये; आणि एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणच्या आरोपीवर, चौकशी न करता, लादू नये. एका कारखान्यात यंत्र मोडले, तेव्हा पूर्वीच्या एका प्रकरणाचा दाखला देऊन कामगाराला घरी बसविले गेले. चौकशीअंती दोष झिजलेल्या पट्ट्याचा निघाला. पण तोवर त्याच्या घरची चूल चार महिने अर्धीच पेटली होती. झुडूप बोलत नाही. माणूस बोलतो, त्याचे ऐकावे.