सरळ रेघेचा वाकडा इतिहास

रेघेवाचून मराठी माणसाचं पान हलत नाही. दिलेला शब्द ही काळ्या दगडावरची रेघ असते, आणि उसने पैसे परत करायची वेळ आली की तीच रेघ पाण्यावरची होते. सटवाई बाळाच्या कपाळावर रेघा ओढून जाते आणि त्या पुसण्यात बाळाचा उरलेला जन्म जातो. लक्ष्मणाने झोपडीपुढे एक रेघ ओढली, ती सीतामाईने ओलांडली आणि पुढलं सगळं रामायण घडलं. बिरबलाने समोरची रेघ न पुसता शेजारी मोठी रेघ ओढून दाखवली. त्या गोष्टीवाचून हेडमास्तरांच्या निरोपसमारंभातलं एकही भाषण आजवर पुरं झालेलं नाही. पण या सगळ्या गडबडीत एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. या रेघा सरळ आल्या कशा? लक्ष्मणापाशी काय पट्टी होती?

हा प्रश्न मला पडावा, याला माझी नोकरी कारण. मी छत्तीस वर्षं हिशेबखात्यात काढली. बेरजेखाली दोन तांबड्या रेघा ओढायच्या, त्या रूळ ठेवून. बिनरुळाची रेघ ही आमच्याकडे बिनपरवानगीच्या रजेइतकीच गंभीर बाब. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर, हातात नुसता ब्रश धरून, लोखंडाच्या गोल टाकीवर सरळ रेघ ओढायला शिकायचं ठरवलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी माझं ब्लडप्रेशर तपासून घेतलं.

बुलेटच्या टाकीवर, जुन्या सायकलच्या मडगार्डवर, टांग्याच्या चाकावर बारीक सोनेरी नाहीतर लाल रेघ असते ना, तीच ही. साहेब तिला पिनस्ट्राइप म्हणतो. आमच्या कोल्हापुरातले पेंटर म्हणतात लायनिंग. लायनिंग 'मारतात'. हे क्रियापद मात्र साफ फसवं आहे. मारण्याचा त्यात काही संबंध नाही. झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून बोट फिरवावं, इतक्या हलक्या हाताचं ते काम.

माझे गुरू आमच्या मंगळवार पेठेतलेच. वय चौऱ्याहत्तर. उभी पेठ त्यांना 'पेंटरमामा' म्हणते, म्हणून मीही म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला आणि मला वाटलं, चेष्टा करताहेत. दांडी दोन बोटांची आणि केस दांडीपेक्षा लांब! टोकाला तिरके कापलेले, तलवारीसारखे. परदेशात या जातीच्या ब्रशला तलवारीचंच नाव आहे, आणि अमेरिकेत मिशिगनमधली मॅक नावाची कंपनी १८९१ पासून ब्रश बनवते आहे. दुकानात अशा केसांना 'कॅमल हेअर' म्हणतात. आता, यात उंटाचा केस औषधालाही नसतो. असतो तो खारीच्या शेपटीचा. हे कळलं तेव्हा मला पुराणातल्या एका मोठ्या कोड्याचा उलगडा झाला. सेतू बांधताना प्रभू रामचंद्रांनी खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली आणि तीन रेघा उमटल्या. म्हणजे वाकड्या पृष्ठभागावर, पट्टी न लावता, एका हातात तीन रेघा! जगातलं पहिलं लायनिंग ते. ब्रशाची खार रशियाकडची आणि बिनरेघांची असते, हा तपशील मी भाविकपणे दुर्लक्षितो. एवढं खरं, की या धंद्यात खारीचा वाटा अक्षरशः खारीचा आहे.

"पन मामा, एवढं लांब केस कशाला?" मीही त्यांच्या नादाने बोलायला लागलो होतो.

"साहेब, गाडीच्या मागं दोरी बांधून वढलीसा, तर दोरी कशी जाती?"

"सरळ जाते."

"गाडी जरा हिकडंतिकडं झाली तरी?"

"तरी सरळच."

"मग झालं की."

एवढ्यात एक प्रकरण संपलं. केस पत्र्यावर आडवे निजलेले असतात, हात त्यांना आपल्याकडे ओढतो, आणि हाताचा थरकाप केसांच्या टोकापर्यंत पोचता पोचता विरून जातो. शिवाय लांब केसांत रंग जास्त मावतो, म्हणून रेघ अध्येमध्ये न तुटता हातभर जाते. बाकीचं गणितही तसंच सोपं, म्हणजे करून बघेपर्यंत सोपं. ब्रश अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचा. करंगळी पत्र्यावर टेकून तिला कडेकडेने चालवायची. ऑइलपेंट टर्पेंटाइन घालून असं पातळ करायचं की ते वाहूही नये आणि अडूही नये. मग ब्रश एखाद्या गुळगुळीत कागदावर पुढेमागे फिरवून केसांच्या मुळापर्यंत रंग मुरवायचा. या कामाला मासिकांचे चकचकीत जाहिरातींचे कागद उत्तम. दिवाळी अंकांचा एवढा टिकाऊ उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. सराव मात्र काचेवर करायचा. जुन्या तसबिरीची काच घ्यावी, रेघ ओढावी, फडक्याने पुसावी, पुन्हा ओढावी. संध्याकाळी ब्रश धुऊन शिलाई मशीनच्या तेलात भिजवून आडवा निजवायचा. उभा ठेवलात की केसांना बाक येतो, आणि तो बाक जन्माचा.

शिकणाऱ्याची पहिली रेघ, मग तो कुणीही असो, पावसाळ्यातल्या गांडुळासारखी येते. कारण सगळे ब्रशाच्या टोकाकडे बघतात. मामांचा मंत्र एकच. "बरशाकडं बघायचं न्हाई. रेघ जिथं जायाची हाय, तिकडं बघायचं." हे मी घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं. सौभाग्यवती उंबऱ्यापाशी रांगोळी घालत होत्या. शेजारच्या वहिनींशी गॅस सिलिंडरबद्दल बोलता बोलता त्यांनी चिमटीतून उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत एक रेघ सोडली. अगदी सुतासारखी. नजर तुळशीवर. "मग आणखी कुठे बघतात?" त्या म्हणाल्या, आणि सिलिंडरचा विषय पुढे चालू झाला.

या नजरेचा इतिहास घोडागाडीपासून सुरू होतो. इंग्लंड-अमेरिकेत बग्ग्या बनवणारे कारखाने होते, तिथे सुताराइतकाच मान रेघवाल्याला असे. बग्गी म्हणजे मूळचं लाकडा-लोखंडाचं धूड. पण चाकाच्या आऱ्यांवर बारीक रेघ ओढली की जाड आरा सडपातळ दिसतो, पेटीच्या कडेने रेघ फिरवली की बोजड अंगाला घाट येतो. बायकांच्या उभ्या पट्ट्यांच्या साडीमागचं शास्त्र याहून वेगळं नाही. चाकाला गोल रेघ मारायची युक्ती तर मला फारच आवडली. चाक आसावर चढवून फिरवायचं आणि ब्रश एका जागी स्थिर धरायचा. जग फिरतं, आपण हलायचं नाही. छत्तीस वर्षं मी कचेरीत दुसरं काय केलं? मुंबईच्या व्हिक्टोरिया या त्याच घराण्यातल्या. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बंद करण्याचा आदेश दिला आणि घोड्यांच्या बाजूने विचार केला तर ते योग्यच झालं. पण रेघांच्या बाजूने बोलायला कोर्टात कुणी नव्हतं.

मोटारी आल्या, त्या बग्गीच्याच मुली. म्हणून माहेरच्या रेघा अंगावर घेऊनच आल्या. पण पुढे फोर्डसाहेबांना घाई झाली. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्यांची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे. रंगाचीच जिथे मारामार, तिथे रेघेला कोण विचारतो? १९२० नंतर ड्युको नावाचा झटपट वाळणारा रंग निघाला, तेव्हा रंगवायला आणि वाळायला लागणाऱ्या आठवड्यांचे दिवस झाले. गाड्यांना पुन्हा रंग चढले, त्यांबरोबर रेघाही आल्या. मग कुणीतरी रंगाची कुपी लावलेलं बारीक चाकाचं यंत्रही काढलं. पत्र्यावरून नुसतं फिरवा, रेघ उमटते. आणि १९३० चं दशक सरता सरता गाड्यांची अंगं अशी गुळगुळीत झाली, क्रोमच्या पट्ट्या अशा चमकू लागल्या, की बहुतेक कारखान्यांनी हातच्या रेघेला निरोपाचा नारळ दिला. रेघेचा हा पहिला मृत्यू.

तिला जिवंत केलं एका विक्षिप्त पोराने. केनेथ हॉवर्ड त्याचं नाव, १९२९ चा जन्म, लॉस एंजेलिसकडचा. बाप पाट्या रंगवणारा. पोरगा मोटरसायकलच्या दुकानात कामाला. बापाचे ब्रश घेऊन त्याने एका मोटरसायकलवर रेघा ओढल्या, आणि बघणाऱ्यांना वाटलं की हे बापाचंच काम. पुढे त्याने 'व्हॉन डच' असं नाव घेतलं. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांना गाड्या कापून-जोडून नटवण्याचं वेड होतं. कंपनीची चिन्हं उपटली की पत्र्यावर घासल्याच्या खुणा राहत. सांगतात की त्या झाकायला याच्या रेघा कामी आल्या. म्हणजे बग्गीवरच्या रेघेने बेढबपणा झाकला आणि याच्या रेघेने ओरखडे झाकले. रेघेचं आणि पदराचं काम एकच! त्याची ख्याती अशी वाढली की गाडीवर रेघा मारून घेण्याला लोक गाडी 'डच करून' आणणं म्हणू लागले. नक्षी कोणती, हे गिऱ्हाइकाने सांगायचं नाही. त्याने फक्त किती वेळ विकत घ्यायचा तेवढं बोलायचं. आमच्या पेठेतल्या शिंप्यांचं धोरणही असंच आहे, फक्त तिथे वेळही ते ठरवतात. व्हॉन डच १९९२ साली गेला.

तोवर रेघेचा दुसरा मृत्यू दाराशी आला होता. १९८० च्या दशकात अमेरिकेत संगणकाने अक्षरं कापणारी यंत्रं आली. चिकट प्लॅस्टिकचा कागद घाला, बटण दाबा, पाटी तयार. आपल्याकडे त्याला 'रेडियम' म्हणतात. बिचाऱ्या क्यूरीबाईंचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे रेडियम आलं आणि पाट्या, नंबरप्लेटी, रिक्षांच्या पाठी हे सगळं पेंटरांच्या हातून गेलं. पेंटरमामांच्या गाळ्याला लागूनच एक रेडियमचं दुकान आहे. ते त्यांच्या मुलाचं.

बापलेक दोघे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसतात. भांडण नाही, पण धंद्याचं बोलणंही नाही. "त्येचं बी बरोबर हाय," मामा म्हणतात, "रेघंवर घर चालतंय व्हय?" मुलगा मला एकदा म्हणाला, "काका, तुम्ही शिकताय ते बरंय. आबांना कुणीतरी पाहिजेच होतं." हे ऐकल्यापासून काचेवरच्या माझ्या रेघांना उगीचच वजन आलं. साठीच्या शिष्याच्या भरवशावर कुठली विद्या फार दिवस काढणार?

आणि तरी ती पुरती मरत नाही, ही मोठी मजा. इंग्लंडात गुडवुडला रोल्स रॉइसचा कारखाना आहे. तिथे गाडीच्या कुशीवरची लांबच लांब रेघ खारीच्या केसांच्या ब्रशाने हाताने ओढायचं काम ज्या मार्क कोर्टकडे आलं, तो त्याआधी दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या रंगवत असे. लाखो पौंडांच्या गाडीवरचा अखेरचा हात पाटीवाल्याचा! एवढं लांब तरी कशाला जा? १९५५ पासून मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एनफिल्डचा कारखाना उभा राहिला. तिथल्या बुलेटच्या टाकीवरच्या रेघा एकाच घरातल्या भावांनी वर्षानुवर्षं हातानेच मारल्या. त्या रेघांना कंपनीने 'मद्रास स्ट्राइप्स' असं नाव दिलं आणि त्यांची जाहिरात केली. ज्या हाताला कारखान्यांनी एके काळी महाग म्हणून घरी बसवलं, त्याच हाताचं कौतुक सांगून आता गाडी महाग विकायची.

गेल्या महिन्यात रेडियमच्या दुकानात एक तरुण जुनी टाकी घेऊन आला. वडिलांच्या बुलेटची. रंग नवा, रेघा गेलेल्या. मामांच्या मुलाने सोनेरी पट्टी कापली, लावली. सपाटीवर बसली, गुडघा टेकायच्या खोलगट वळणावर मात्र तिला सुरकुती आली. दोनदा काढली, दोनदा लावली. मग तो काही न बोलता टाकी उचलून भिंतीच्या या बाजूला आला आणि बापापुढे दोन्ही हातांनी धरून बसला.

मामांचा हात आताशा थरथरतो. चहाची बशी त्यांच्या हातात किणकिणते, म्हणून ते पेल्यातून पितात. त्यांनी ब्रश रंगात मुरवला, करंगळी टेकली आणि श्वास धरला. रेघ निघाली ती वळण घेऊन थेट टोकाला जाऊन थांबली. दोरी आणि गाडी!

मी शिष्य, म्हणून मी त्यांच्या नजरेकडे बघत होतो. ती नेहमीप्रमाणे चार बोटं पुढे. मग माझं लक्ष टाकी धरून बसलेल्या मुलाकडे गेलं. तोही ब्रशाकडे बघत नव्हता. वळणाच्या पलीकडे, रेघ जिथे जायची होती, तिथे बघत होता.

मामांनीही ते पाहिलं असावं. ते काही बोलले नाहीत. ब्रश पुसत एवढंच म्हणाले, "दुसरी बाजू वाळल्यावर घिऊ. सोनेरी जरा जास्त कालवून ठेव."

मी डबा घ्यायला उठलो. पण ते माझ्याशी बोलत नव्हते.