गोखले, कमलाबाई

(जन्म १९००). भारतीय मूकपटातील पहिल्या अभिनेत्रींपैकी एक व मराठी रंगभूमीवरील नटी. माहेरचे आडनाव कामत. आई दुर्गाबाई कामत पतीपासून विभक्त झाल्यावर पोटासाठी नाटकात शिरल्या. बायकांनी तोंडाला रंग लावणे तेव्हा बेअब्रूचे समजत. कमलाबाई कळत्या वयाच्या आधीच रंगमंचावर आल्या.

दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी (१९१३) स्त्री मिळाली नव्हती. वेश्यावस्तीत विचारूनही नकारच आले. अखेर ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना राणी तारामती व्हावे लागले. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई पार्वती आणि कमलाबाई मोहिनी झाल्या. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. पुरुषांनी लुगडी नेसून नायिका रंगवण्याच्या त्या काळात खरी मुलगी पडद्यावर आली, तीही बाई झालेल्या देवाच्या भूमिकेत! चित्रण दिवसाउजेडी आणि हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर चाले. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची नक्कल करतो आणि शेवटी तिच्यासारखाच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. सगळी कथा त्या एका हाताच्या हालचालीवर तोललेली. ऐकू येणारे शब्द नव्हते, त्यामुळे ती हालचाल मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचणे भाग होते. रंगमंचाची सवय येथे कामी आली असणार.

‘पहिली’ या बिरुदाने एक गैरसमज मात्र होतो. वाट लगेच मोकळी झाली नाही. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. कमलाबाईंची मूकपटातील कारकीर्दही मुख्यतः ‘मोहिनी भस्मासुर’ या एका चित्रपटापुरती आहे. त्यांचे खरे आयुष्य नाटक मंडळ्यांच्या मुक्कामांत गेले. नट रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाह झाला. त्यांच्या अकाली निधनानंतर तीन मुलांचा संसार कमलाबाईंनी रंगभूमीवरच ओढला, प्रसंगी पुरुषभूमिकाही केल्या. काळाने केलेली ही गमतीची परतफेडच म्हणायची. पुढे त्या बोलपटांतही दिसल्या.

मुलगा चंद्रकांत व नातू विक्रम अभिनेते झाले. दुसरे पुत्र लालजी तबलावादक होते. रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात नव्वदीच्या घरातील कमलाबाई स्वतः बोलताना दिसतात. पहिल्या चित्रपटात ज्यांचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता, त्यांचा आवाज त्यात आहे.