रूढी कोणाची?

सुरतेच्या डिंडोलीत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यांच्या विवाहास रूढी लावावयाची ती गुजराथची की खानदेशची? न्यायालयांनी मानलेले तत्त्व असे की, स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला कायदा सोबत नेते. तो टाकला असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे.

याच सुरतेत 1827 साली हॅरी बोराडेल यांनी नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. ग्रंथकार काशीचे, घराणे मूळ पैठणचे, आणि प्रामाण्य गुजराथेत! त्याच वर्षीच्या मुंबईच्या चौथ्या रेग्युलेशनने देशाचाराला प्रतिवादीच्या धर्मशास्त्राआधीचे स्थान दिले. बोराडेल यांनी निरनिराळ्या ज्ञातींकडून त्यांचे नियमही लिहवून घेतले. सांगणारे अर्थातच ज्ञातींचे पुढारी. स्त्रियांना कोण विचारतो? आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने 1878 साली तेथील जमातींची रूढी अशीच संहिताबद्ध केली, 1891 साली तिला कायद्याचे बळ दिले. तीत स्त्री जन्मभर अज्ञान ठरली. बोलती रूढी वाकते, लिहिलेली वाकत नाही, असे आम्हांस वाटते.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या 29 व्या कलमाने रूढीची काडीमोड राखली आहे. मात्र ती रूढी शाबीत करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावर. डिंडोलीतील बाईने त्यासाठी जाणती माणसे आणावयाची कोठून? बहुधा उधन्याहून गाडी धरून जळगावच्या बाजूस, आपल्या मूळ गावी जाऊनच.