गोणीमागचा जामीन

भोर आणि वेल्हे (आता ‘राजगड’ तालुका) यांची पश्चिम कड म्हणजे सह्याद्रीची धार. धारेखाली महाडचा मुलूख. या दोन तालुक्यांतून कोकणात उतरणारा वाहता गाडीरस्ता आज एकच, वरंध घाटाचा, आणि तोही पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतो. माल बैलाच्या पाठीवरून चालत होता तेव्हा मात्र वाटांना तोटा नव्हता. केळदजवळून मढे घाट उतरतो, त्याला लागून उपांड्या, पुढे शेवत्या घाट. सिंगापूरची नाळ आणि बोराट्याची नाळ या तर माणसाच्या पायाच्या वाटा, तरी डोक्यावर ओझे घेतलेला माणूस तिथूनही उतरे. घाटावरची जकात म्हटली की घाटमाथ्यावरची चौकी, आडवा बांबू आणि भालेकरी डोळ्यांसमोर येतात. पण इतक्या वाटा असलेल्या डोंगरात एका चौकीने कोणाला अडवायचे? वरंधला नाका बसवला तर माहीतगार माणूस मढ्याने चढेल, मढ्याला बसवला तर उपांड्याने. तरीही या मुलखात जकात वसूल होत होती, आणि तिच्या उत्पन्नावर इनामे-वर्षासने लावून दिली जात होती. त्यामुळे माझे म्हणणे असे आहे की जकात नाक्यावर उभी नव्हती. ती मालाबरोबर चालणाऱ्या कागदावर आणि त्या कागदामागे उभ्या राहणाऱ्या जामिनावर उभी होती.

याचा पहिला पुरावा शब्दांतच आहे. मराठेशाहीच्या जकातीत दोन बाबी वेगळ्या मोजत: थळभरीत आणि थळमोड. जिथे माल भरला तिथे द्यायची ती थळभरीत, जिथे माल मोडला म्हणजे विकला तिथे द्यायची ती थळमोड. या दोन्ही वाटेच्या टोकांना बसतात. मधल्या डोंगराचे नावही त्यांत नाही. मालाचे मूळ ठिकाण कळणे का महत्त्वाचे होते, हे शिवाजी महाराजांच्या १६७१ च्या एका प्रसिद्ध पत्रावरून दिसते. कुडाळचा कारभार पाहणाऱ्या नरहरी आनंदराव यांना ते लिहिलेले आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते, म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या संगमेश्वराकडच्या मिठाचा धंदा बसेल. तेव्हा बारदेशच्या मिठावर जकात अशी वाढवा की ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे, असा त्याचा आशय. आजच्या भाषेत हे संरक्षक आयातशुल्क झाले. आता मिठाची गोण डोळ्यांसमोर आणा. बारदेशचे मीठ आणि संगमेश्वरचे मीठ एकदा कंठाळीत भरले की जिभेला तरी वेगळे कळेल का? गोण स्वतःचे गाव सांगत नाही. ती कुठे भरली हे कोणीतरी लिहून दिले, तरच असा दर लावता येतो. म्हणजे दर ठरवणाऱ्याने कागद गृहीत धरलेलाच होता.

यावर एक आक्षेप सरळ आहे. थळभरीत-थळमोड ही सगळ्या राज्याची पद्धत. तिचा भोर-वेल्ह्याच्या घाटांशी विशेष संबंध काय? जन्माचा संबंध नाहीच, आणि तसा दावा मी करत नाही. सपाटीच्या मुलखात नदीचा उतार किंवा पेठेची वेस सापडते, तिथे नाका थोडेफार काम करतो. मावळात तो नुसता पुरणार नाही. म्हणून ही टोकांची जकात का टिकली, हे मावळात पाहिले की चटकन कळते. चोरवाटेने चढलेली गोणसुद्धा शेवटी कुठल्यातरी बाजारात उतरवावीच लागते, आणि तिथे विचारणारा बसलेला असतो.

दुसरा आक्षेप जड आहे, कारण तो इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या नावाने येतो. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दलच्या १८१९ च्या अहवालात त्याने या जकातीवर बरीच टीका केली आहे. जकात बैलामागे; किमती माल आणि हलका माल यांत फारसा भेद नाही; काही जिनसांना सवलत, पण तिचाही किमतीशी मेळ नाही; शिवाय प्रत्येक जिल्ह्यात वेगळी वसुली, त्यामुळे माल पुन्हा पुन्हा थांबवून झडती. हे वर्णन खोटे मानायला कारण नाही. बैलामागे जकात का, हे मात्र बैलाजवळ उभे राहिले की समजते. पाठाळाच्या बैलावर कंठाळीच्या दोन बाजू सारख्या वजनाच्या करून टाकाव्या लागतात. एक बाजू सोडली की दुसरी घसरते. पुन्हा चढवायला दोन माणसे लागतात आणि बैल तोवर स्वस्थ उभा राहतोच असे नाही. शंभर बैलांच्या तांड्याचे वजन करायचे तर दिवस त्यातच मावळेल. बैल मोजणे हा अडाणीपणा असेल, पण डोंगरवाटेवर माल न उतरवता मोजण्याचा तोच सोपा मार्ग होता.

त्याच अहवालात एल्फिन्स्टन जाता जाता जे सांगतो ते मला जास्त मोलाचे वाटते. या छळावर उपाय म्हणून मोठ्या गावांतून हुंडेकरी नावाचा वर्ग होता. ठरावीक रक्कम घ्यायची आणि माल सगळ्या मुलखातून पार करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. जकातदारांशी त्यांचे संधान असे आणि देय रकमेला ते जकातदारांना जबाबदार असत. हुंडा म्हणजे ठोक, उक्ता सौदा. भाडे आणि वाटेवरची सगळी देणी एकाच आकड्यात धरली की ते हुंडेभाडे. (लग्नातला हुंडाही याच कुळातला, पण तो शब्द आता दुसऱ्या कशाला वापरायची सोय राहिलेली नाही.) एल्फिन्स्टनला हुंडेकरी हा गैरसोयीवरचा उपाय वाटतो. मला तीच व्यवस्था वाटते. नाकेदाराला झडती घ्यायची नसते, पैसे बुडू नयेत एवढेच हवे असते. हुंडेकऱ्याची चिठ्ठी ‘गोणीत काय आहे’ यापेक्षा ‘बुडाले तर कोणाला धरायचे’ हे सांगत होती. त्या चिठ्ठीचे सगळे वजन या दुसऱ्या गोष्टीत होते.

हा हुंडेकरी मधला दलालच, त्याचे कमिशन गिऱ्हाइकाच्या मिठात मिसळलेले, असे कोणी म्हटले तर ते मान्य करावे लागेल. आणखी एक गोष्टही मान्य करावी लागेल. ही सोय पेठेतल्या सावकाराची होती. दोन बैलांवर हिरडा, तूप किंवा तांदूळ घालून महाडकडे उतरणारा आणि मीठ-सुकट घेऊन परत चढणारा मावळा हुंडेकऱ्याच्या दारी कशाला जाईल? त्याला प्रत्येक चौकीशी स्वतःच निपटावे लागे. जामीन ज्याला परवडतो त्याची वाट मोकळी, हा दोष या व्यवस्थेत पहिल्यापासून आहे आणि तो अजून गेलेला नाही.

पुढचा इतिहास नाके कमी करण्याचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. इंग्रजांनी अंतर्गत वाहतुकीवरची जकात बंगालमध्ये १८३६ साली आणि मुंबई इलाख्यात १८३८ साली उठवली. पण हे कायदे त्यांच्या खालशातले, म्हणजे थेट अमलातल्या मुलखातले. भोर हे शंकराजी नारायण सचिवांच्या वंशाचे संस्थान. त्याचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड आणि पवन मावळ हे तालुके घाटावर आणि पाचवा सुधागड खाली कोकणात. संस्थानाची ही सरहद्द १९४८ मध्ये ते विलीन झाले तेव्हा पुसली. त्यानंतरही शहरांच्या वेशीवर जकात राहिलीच, आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे तपासणी नाके बंद झाले.

नाके गेले, पण कागद गेला नाही. आज ठरावीक रकमेपेक्षा जास्त किमतीचा माल रस्त्याने हलवायचा तर सहसा ई-वे बिल काढावे लागते. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालासाठी ते २५ मे २०१८ पासून लागू झाले. त्याच्या पहिल्या भागात माल कुठून निघाला आणि कुठे पोचणार हे भरायचे, दुसऱ्या भागात गाडीचा नंबर. थळभरीत, थळमोड आणि बैल! देशाच्या सीमा ओलांडणाऱ्या ट्रकांसाठी टीआयआर नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात जून २०१७ मध्ये सामील झाला. त्यात निघण्याच्या ठिकाणी मालाला सील लागते, मधले देश एरवी ते उघडत नाहीत, आणि शुल्क बुडालेच तर प्रत्येक देशातली एक हमीदार संस्था ते भरते. आपल्याकडे ही हमी फिक्की या उद्योगसंघटनेची. हे हुंडेकऱ्याचेच काम आहे, फक्त त्याच्या शब्दाऐवजी छापील हमीपत्र, म्हणजे कार्नेट, आले. संगणकाच्या जाळ्याची तुलना मोडीतल्या चिठ्ठीशी करणे ओढूनताणून आहे, असे कोणी म्हणेल. वेगात आणि अचूकपणात तुलना नाहीच. पण वाटेवर थांबवायचे नसेल तर टोकांना विचारावे लागते आणि मध्ये कोणालातरी जबाबदार धरावे लागते, ही अडचण दोन्हीकडे एकच आहे.

या सगळ्या विवेचनात एक उणीव आहे आणि ती पुराव्याच्या स्वभावातून आली आहे. जकातमाफीची दस्तके दप्तरांत सापडतात, कारण माफी हा हक्क होता आणि हक्काचा कागद घराणी जपून ठेवत. जकात भरल्याची चिठ्ठी माल विकला गेला की निरुपयोगी होई. ती कोण ठेवणार? त्यामुळे ज्यांनी भरली नाही त्यांचा इतिहास आपल्याजवळ जास्त आहे. भोर, वेल्हे, नसरापूर, कारी या बाजूच्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजून मोडीचे रुमाल असतील. त्यांत सनदा शोधताना बैलांची संख्या, जिन्नस आणि दोन गावांची नावे एवढेच लिहिलेले एखादे चिटोरे निघाले, तर ते बंबात घालू नका. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा.